काळदऱ्याच्या आडावरचं चिनी अक्षर

लोक विलायतेला जाऊन येतात आणि आल्याबरोबर जाडजूड ग्रंथ लिहितात. बोट लागून उलट्या किती झाल्या, तेही त्यात असतं. मी नगराहून काळदऱ्याला जाऊन आले. पारनेर तालुक्यातलं हे गाव नकाशावर शोधू नका, सापडायचं नाही. पण मी तिथे चीन देशाच्या एका अक्षराच्या कामासाठी गेले होते. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढे वाचू नये.

मला चिनी भाषेतलं एकच अक्षर येतं. पण ते पक्कं येतं.

नगर

एप्रिल संपत आला होता. लढाई थांबली होती, रेशन थांबलं नव्हतं. मुलींच्या शाळेत मी मास्तरीण. वार्षिक परीक्षेचे पेपर पुढ्यात घेऊन बसले होते, तेवढ्यात हौसाआत्याचं पत्र आलं. आत्याला लिहिता येत नाही. पत्र कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, पण बोल तिचेच होते: "रूथे, आड चालला हातचा. दगडावर देवीचं यंत्र हाय म्हनत्यात. तुला ते वाचता येतं. ये."

काळदरा माझ्या वडिलांचं गाव. वर गाव, खाली ओढ्याच्या अंगाला आमची आठ घरांची वस्ती. आजोबांच्या काळात ही आठ घरं ख्रिस्ती झाली. देव बदलला, प्रार्थना बदलली, पण गावाच्या आडावर आमचा पोहरा आधीही चालत नव्हता आणि नंतरही चालला नाही. वरच्या एखाद्या बाईला दया आली तर ती ओतेल तेवढं पाणी, तेही लांबून. बारा वर्षांपूर्वी वस्तीने स्वतःचा आड खणला. यंदा वरचा आड आटला, आमचा आटला नाही, आणि गावाला एकाएकी साक्षात्कार झाला. वस्तीच्या आडाच्या कठड्यावर जी खूण कोरलेली आहे ते म्हणे देवीचं यंत्र. म्हणजे आड पुरातन, म्हणजे देवस्थानचा, म्हणजे वस्तीने तिथून हात काढावा. पाटलाने तसा मामलेदारांकडे अर्ज दिला होता आणि मामलेदार पाहणीला येणार होते.

यंत्र! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन आडव्या रेघा, दोन उभ्या, फुल्लीगोळ्याला आखतात तशी चौकट, आणि मधल्या घरात एक ठिपका. ती खूण कोरली जात असताना मी तिथे दिवा नव्हे, पण पाण्याचा तांब्या धरून उभी होते. कोरणाऱ्याचं नाव वांग, आणि ते अक्षर चिनी आहे. त्याचा अर्थ आड. दुसरा काही नाही.

मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "रजा मागताय की सांगताय?"

"सांगतेय," मी म्हटलं. "पेपर तपासून झालेत. नापास झालेल्यांना मी आल्यावर भेटेन."

निघण्याआधी मी एक शहाणपणा केला. छावणीत बूट शिवणारा एक चिनी आहे, लढाईच्या दिवसांत कलकत्त्याहून आलेला. त्याच्या दुकानात जाऊन चामड्याच्या तुकड्यावर खडूने अक्षर काढलं आणि म्हटलं, वाच. त्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "ज्यांग."

पण वांगमामाने मला शिकवलं होतं 'जिंग'. मी तसं म्हणताच तो चिनी खो खो हसला. त्याचं म्हणणं असं, की उत्तरेकडचे लोक जिंग म्हणतात, त्याच्या घरी ज्यांग, कँटनकडे आणखी तिसरंच काही. जपानी माणूस हेच अक्षर बघून नुसतं 'ई' म्हणेल. जपान्याचं नाव घेताना तो दाराबाहेर थुंकला. लिहितात सगळे सारखंच आणि अर्थही एकच. मला हे चटकन पटलं. नगरात मी पाणी म्हणते, काळदऱ्यात आत्या पानी म्हणते, म्हणून काय तिची तहान वेगळी?

ठिपका पाहून मात्र तो थबकला. हल्ली ठिपका कुणी देत नाही म्हणाला, ही फार जुनी तऱ्हा आहे. ठिपका म्हणजे आडात सोडलेला पोहरा. काही जण ठिपक्याच्या अक्षराला निराळंच मानतात. आडात दगड टाकल्यावर जो आवाज होतो, तो ते अक्षर दाखवतं म्हणे. मी ऐकून घेतलं आणि चपलेचा तुटलेला अंगठा तेवढा शिवून घेतला.

सुप्याच्या वाटेवर

सर्व्हिसची मोटार कोळशाच्या ग्यासवर चालणारी. पेट्रोल लढाईने खाल्लं, आता ही भट्टी मागे बांधून मोटारी धावतात. धावतात म्हणजे सपाटीला. चढ आला की ड्रायव्हर ओरडतो, "उतरा मंडळी!" पुरुष ढकलतात आणि बायका सावलीत उभ्या राहतात, असा रिवाज. सावली कुठे होती? सुप्याच्या अलीकडे एक हिवर, त्याखाली तीन शेळ्या आधीच बसलेल्या. मी पदर खोचला आणि ढकलायला लागले. शेजारचा फेटेवाला म्हणाला, "बाई, तुमी कशाला?"

"मलाही पोचायचंय ना," मी म्हटलं.

तोंड काळं, हात काळे. सुप्याला उतरून गुळाचा चहा आणि कांद्याची भजी खाल्ली. साखर म्हणजे काय ते हॉटेलवाला विसरला होता. फेटेवाल्याने विचारलं, बाई एकट्याच निघाल्या का, सोबत कुणी नाही? एका अक्षराची सोबत आहे, असं सांगावंसं वाटलं होतं. पण भजी गरम होती.

पारनेर

कचेरीतल्या कारकुनाने मला तासभर उभं केलं. अर्जाची नक्कल बघायची म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "दगडावरची खूण चिनी आहे. मी साक्ष द्यायला आलेय."

"चिनी?" तो म्हणाला. "अहो बाई, इथे मोडी वाचायला माणूस मिळत नाही, आणि तुम्ही चिनी घेऊन आलात!"

बाकीचे कारकून हसले. चीनमध्ये आडातल्या बेडकाची गोष्ट सांगतात, आपल्यासारखीच. तो खालून बघतो आणि आभाळ ताटाएवढं आहे म्हणतो. मी हे त्यांना सांगितलं नाही. नक्कल वाचून घेतली. मामलेदार उद्या सकाळी येणार, एवढं कळलं.

त्या दिवशी पारनेरचा बाजार होता. काळदऱ्याकडे जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीत एक ठसठशीत बाई, कपाळाला आडवं कुंकू, बाजाराचं गाठोडं आणि पाण्याची पितळी चरवी. तिने मला हाताला धरून वर घेतलं. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना नुसता काळा माळ, घायपाताची बेटं, मधूनच पिवळी पडलेली बाभळ. तिने भाकरी सोडली, वर लसणाची चटणी, मी माझे शेंगदाणे-गूळ काढले. ती भरभरून बोलत होती. "गावात पान्याचा थेंब न्हाई, बाई. दीड कोस चालून झऱ्याचं आनतो. डोईचे केस गेलं माजे हंडे वाहून."

मग तिने विचारलं, "कुनाच्यात निगाला?"

"वस्तीत. हौसाबाई माझी आत्या."

ती वाईट काही बोलली नाही. भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातात होता, तोही परत मागितला नाही. फक्त आमच्या दोघींच्या मधे ठेवलेली चरवी उचलून तिने पलीकडच्या अंगाला ठेवली. गाडीवान म्हणाला, "पाटलीनबाई, बैल जरा सावलीला लावू का?" तेव्हा मला कळलं, मी अर्जदाराच्या बायकोशेजारी बसले आहे.

घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं नाही. दोन कोस तशीच बसून राहिले. मला राग आला होता, आणि तो लिहिताना अजून येतोय.

काळदरा

आत्या वेशीपर्यंत आली होती. सत्तरी उलटली तरी ताठ आहे, जीभ तर फारच. "आली का माजी साक्षीदारीन? आंग बघ, कोळशाच्या वखारीतनं आल्यावानी!" म्हणून तिने सरळ आडावर नेलं. पोहरा सोडला. पाणी प्यायले तेव्हा कुठे बोलता आलं.

कठड्याच्या पूर्वेच्या दगडावर वांगमामाचं अक्षर होतं. डाव्या उभ्या रेघेचा पाय खाली येताना जरासा बाहेर वळलेला, बाकी तीन सरळ.

ज्यांनी वांगमामाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव हिंडणारे चिनी तेव्हा दिसायचे. हा आला तो तापाने फणफणत. वरच्या गावाने त्याला चावडीत टेकू दिलं नाही. आत्याने गोठ्यात बाज टाकली, हुलग्याचं माडगं पाजून पाजून उभा केला. उभा राहिल्यावर तो गेला नाही. वस्तीचा आड खणायचं काम अर्ध्यावर अडलं होतं. खाली काळा खडक लागला होता आणि माणसं हात टेकून बसली होती. वांगमामाचा बाप तिकडे शांतुंग प्रांतात आड खणायचा. त्याने आत उतरून खडकाला कान लावला, माती जिभेवर घेतली आणि एका अंगाला बोट दाखवलं. सहा दिवसांनी पाणी लागलं. त्या सहा दिवसांत माझा बापही आत होता, आणि पहिला ओला दगड त्याने वर पाठवला तो अजून आत्याच्या देवळीत आहे.

आडाच्या तोंडावर कुणी पडू नये म्हणून बाभळीची चार लाकडं टाकली होती. दोन अशी, दोन त्यांच्यावर तशी. ती बघून वांगमामा हसतच सुटला. कोळसा घेऊन त्याने गोठ्याच्या भिंतीवर चार रेघा ओढल्या. त्यांच्या मुलखात फार पूर्वी आडाच्या तोंडावर अशीच लाकडं असायची, त्यांचंच पुढे अक्षर झालं. मग भिंतीवरच नऊ घरं मोजून दाखवली. पूर्वीचे राजे म्हणे अशी जमीन वाटायचे. कडेच्या आठ तुकड्यांवर आठ कुटुंबं, मधला सगळ्यांचा. त्याने वस्तीकडे हात फिरवला. "आठ घर," तो म्हणाला. "बीच में पानी."

उच्चारही त्यानेच शिकवला. जिंग म्हणताना आवाज आधी खोल उतरवायचा आणि मग वर काढायचा. मला कितीदा जमेना. शेवटी त्याने पोहऱ्याकडे बोट दाखवलं. खाली सोड, वर ओढ. मग जमलं. गाव सोडून परमुलखात गेलेल्या माणसाला ते लोक 'आडाकडे पाठ फिरवलेला' म्हणतात, हे सांगताना तो ओढ्याकडे तोंड करून बसला होता. पुढे त्याच्या देशात लढाई लागली. त्याची खबर आली नाही.

संध्याकाळी बायका पाण्याला आल्या तेव्हा मी विसरून गेलेली एक गोष्ट पाहिली. प्रत्येक बाई पहिला पोहरा काढला की बोट ओलं करते आणि घागरीच्या पोटावर ते अक्षर लिहिते. वरची आडवी, खालची आडवी, डावी उभी, उजवी उभी, शेवटी ठिपका. मग घागर भरते. अक्षर उन्हाने वाळून जातं. वांगमामाने घालून दिलेली ही रीत. बारा वर्षांत सासू सुनेला शिकवत आलेली. नगरात आम्ही मुलींना पाटी-पेन्सिल देऊन सहा महिने डोकं फोडतो, आणि इथे अंगठेबहाद्दर बायका रोज चिनी लिहितात.

दुसऱ्या दिवशी

मामलेदार यायच्या सकाळी आत्या झुंजूमुंजूला आडावर गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. अशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. जाऊन बघते तर पूर्वेचा दगड जागेवर नाही. कठड्याला खिंडार पडलेलं, घणाचे ताजे पांढरे घाव, आणि तुकडे आडाच्या तळाशी.

"म्हनं यंत्र!" आत्या घावांवरून हात फिरवत म्हणाली. "आपल्याच देवीच्या यंत्रावर घन घालत्यात व्हय कुनी? त्यांना ठावं हुतं, रूथे. पयल्यापास्नं ठावं हुतं."

मी आडाच्या काठावर बसले आणि रडले. कशाला लपवू? पुराव्यासाठी नाही रडले. ते त्या माणसाच्या हातचं होतं.

नऊच्या सुमाराला मामलेदार घोड्यावरून आले. मध्यम वयाचे, घामाघूम झालेले, कावलेले. पाटील पुढे होता, मागे सगळं गाव, बायकाही. पाटील म्हणाला, "सायेब, दगड आपसूक ढासळला. देवीचा कोप. भ्रष्ट हात लागलं, दुसरं काय?"

मामलेदार खिंडाराकडे बघत माझ्याकडे वळले. "बाई, ज्या खुणेबद्दल तुमचं म्हणणं, ती खूणच राहिली नाही. मी पाहू काय?"

"खूण गेली," मी म्हटलं, "पण लिहिणारे हात आहेत. ते बघा."

आणि मी काय करणार ते सांगितलं. कागदाच्या चिठ्ठीवर मी पाच ओळी लिहिल्या, कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर. चिठ्ठी घडी करून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आत्ता उघडू नका. आधी गावातल्या जाणत्या बाईला यंत्र काढायला सांगा, ते ज्या रीतीने काढतात त्या रीतीने.

पाटील छाती काढून म्हणाला, "माज्या घरचीच काढंल. देवळात रांगोळी तिचीच असती."

पाटलीणबाई पुढे आली. जमीन सारवलेलीच होती. तिने चिमटीत रांगोळी घेतली आणि क्षणाचाही विचार न करता पहिला मधोमध ठिपका दिला. मग चार बाजूंना ठिपके, मग त्यांना धरून रेघा. मामलेदारांनी विचारलं, "ठिपका आधी का?"

"आता गं बया!" ती म्हणाली. "ठिपक्याबिगार रेघ कुटं बसवायची?"

मग वस्तीतल्या बायका एकेक करून बाहेर बोलावल्या. एकीचं दुसरीला दिसू नये म्हणून मामलेदारांनी स्वतः दरवेळी जमीन पुसायला लावली. पहिली आली, राखेने लिहून गेली. दुसरी. तिसरी. चौथीला मामलेदार उकिडवे बसले आणि तिचं बोट बघू लागले. वरची आडवी, खालची आडवी, डावी उभी, पाय बाहेर वळवून, उजवी उभी सरळ, आणि शेवटी ठिपका. त्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा वाचली.

पाचवी आत्या होती. मामलेदार म्हणाले, "म्हातारे, ठिपका शेवटी का?"

"आड बांदल्याबिगार पोहरा सोडतो का कुनी?" आत्या म्हणाली.

पाटील ओरडला, "काल रातच्याला शिकवलं आसंल ह्या मास्तरनीनं! शिकवायचाच धंदा हाय तिचा!"

मामलेदार माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, शिकवायचाच धंदा आहे माझा. वस्तीच्या बायकांची साक्ष वस्तीसाठी कोण धरणार? 

तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाली, "न्हाई."

रांगोळीचे हात पदराला पुसत ती उभी होती. नवऱ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. "ह्या बाया रोजच लिवत्यात. घागरीवर. मी वरल्या धोंडीवरनं बगतीय की बारा वर्सं. आदी रेघा, मागनं ठिपका. आमच्यात तसं न्हाई काढत."

 पाटलाचं तोंड उघडंच राहिलं. आत्या माझ्या कानात कुजबुजली, "वरनं बगत हुती मेली, आन् आमाला कदी कळलं न्हाई."

मामलेदारांनी तिथेच बाजेवर बसून लिहिलं. आड वस्तीतल्या आठ घरांनी खणलेला, देवस्थानाशी संबंध दिसत नाही, अर्ज नामंजूर. दगड कुणी फोडला याची चौकशी करतो म्हणाले. ती चौकशी अजून चालू आहे, आणि माझी वाट बघायची तयारी आहे. जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "कसं म्हणायचं हो ते?" मी म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. त्यांचा पोहरा काही वर आला नाही.

तिसऱ्या दिवशी

सकाळी उठले तर छिन्नीचा आवाज. वांगमामाची छिन्नी आत्याने बारा वर्षं गुळाच्या ढेपेसारखी जपून ठेवली होती. ती खिंडाराशेजारच्या दगडावर बसून ठोकत होती. "येक फोडला त्यांनी," ती म्हणाली. "आठ घरं हायती आमी. आठ कोरू. फोडा म्हनावं किती फोडता!"

दिवसभर बायका पाळीपाळीने बसल्या. कुणाची रेघ वाकडी, कुणाच्या बोटावर हातोडा. मी मास्तरीण म्हणून सुधारायला गेले तर एक म्हणाली, "बाई, बगा नुसतं. लिवता आमाला येतं." मी मुकाट्याने बाजूला झाले. ज्या हातांनी आयुष्यात स्वतःचं नाव लिहिलं नाही, ते दगडात लिहीत होते.

दुपारी उन्हाची तिरीप जरा कलल्यावर वरच्या धोंडीवरून पाटलीणबाई खाली आली. एकटी. काखेत घागर, हातात ती चरवी. आडापासून दहा पावलांवर उभी राहिली. कुणी ओतेल म्हणून वाट बघत होती की काय, तिचं तिलाच ठाऊक. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच लांब उभे राहत आले होते. कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने त्या पोरीकडे डोळे वटारले.

"घरी बोलनी बसली आसतील," आत्या म्हणाली.

"बसली की," पाटलीणबाई म्हणाली. "पर तान बोलन्यानं भागत न्हाई."

"मंग लांब का हुबी? ये. पोहरा घे." आत्या सरकली. "पर हितली रीत हाय. आदी लिवायचं."

पाटलीणबाईने पोहरा सोडला, ओढला, बोट ओलं केलं आणि घागरीवर टेकवलं. हाताची सवय, दुसरं काय. पहिला ठिपकाच पडला.

आत्याने हात पुढे करून तो पुसला. "पुन्यांदा."

तिच्या कपाळाची शीर उडाली. पाटलाची बायको ती, असं तिला कुणी सांगितलं नसेल जन्मात. मला वाटलं, आता घागर उचलून जाईल. तिने बोट पुन्हा पाण्यात बुडवलं. वरची आडवी, खालची आडवी, डावी उभी, उजवी उभी. मग आत्याकडे बघितलं. आत्याने मान हलवली. तिने ठिपका दिला.

परत

दुसऱ्या दिवशी पारनेरला जाणारी गाडी पाटलाचीच होती. मी चालत जाणार होते, पण पाटलीणबाईने वाटेतच गाडी थांबवली. "चढा," एवढंच म्हणाली. नवऱ्याला काय सांगून आली, ते मी विचारलं नाही. गाडीवानाने आमच्याकडे पाठ फिरवली ती शेवटपर्यंत तशीच ठेवली.

माळावर आलो. ऊन तेच, घायपात तेच. तिने चरवी गाडीत ठेवली, आमच्या दोघींच्या मधे.

मी मग झाकण काढलं आणि पाणी प्यायले. वरून धार सोडून नाही. काठाला ओठ लावून, हवं तेवढं. आणि चरवी तिच्यापुढे धरली. भांडण उकरून काढायचा माझा स्वभाव आहे, मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

तिने गाडीवानाच्या पाठीकडे पाहिलं. मग चरवीच्या काठाकडे, जिथे माझे ओठ लागले होते. चरवी फिरवून दुसरा काठ तोंडाला लावता आला असता.

तिने फिरवली नाही.